जोडी लावण्याआधी खाद्य लावा

एंजल माशांची जोडी रुंद पानाला किंवा काचेला अंडी चिकटवते. दोन-अडीच दिवसांत ती फुटतात, आठवडाभरात शे-दोनशे पिल्लं पोहायला लागतात आणि पुढच्या चार-पाच दिवसांत टाकी रिकामी होते. घरी सिक्लिड कुळातले मासे पाळणाऱ्या कित्येकांचा पहिला अनुभव हाच असतो. मग पाण्याला दोष दिला जातो, जोडी बदलली जाते. खरं कारण बहुधा साधं असतं. पिल्लं पोहायला लागली त्या दिवशी त्यांच्या तोंडात मावेल असं खाद्य घरात नव्हतं.

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात ही अडचण जास्त जाणवते. मोठ्या शहरात जिवंत खाद्य दुकानात मिळतं. आपल्याला यवतमाळच चाळीसेक किलोमीटर, अमरावती-नागपूर त्याहून लांब. फ्रोझन ब्लडवर्मचं पाकीट एसटीने घरी पोचेपर्यंत वितळतं आणि एकदा फोडलेलं कोरडं खाद्य मे महिन्यातल्या ४४ अंशांच्या उन्हाळ्यात झपाट्याने बिघडतं. म्हणून खाद्य निवडताना स्वतःला दोन प्रश्न विचारा. हे खाद्य या माशाच्या आतड्याला आणि त्याच्या आत्ताच्या अवस्थेला चालतं का? आणि ते मी माझ्या घरात ताजं ठेवू शकतो का? यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर ते खाद्य कितीही नावाजलेलं असो, आपल्या कामाचं नाही.

आधी आतडं ओळखा

सिक्लिड कुळात १,७०० हून जास्त जातींची नोंद झालेली आहे. आपल्या धरणांवरच्या मासळीत मिळणारा तिलापिया याच कुळातला. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. गोव्यात आणि सिंधुदुर्गाच्या खाड्यांत मिळणारा काळुंदर हा तर आपला देशी सिक्लिड. एवढ्या मोठ्या कुळाला एकच खाद्य चालेल ही अपेक्षाच चुकीची आहे. घरगुती टाकीपुरते तीन गट लक्षात ठेवले तरी पुरेसं आहे.

पहिला गट शेवाळ खरवडणाऱ्यांचा. मलावी सरोवरातले एम्बुना म्हणजे झेब्रा, ऑराटस आणि त्यांचे भाऊबंद, तसेच टांगानिका सरोवरातला ट्रोफियस. हे मासे खडकावरचा शेवाळाचा थर खातात आणि त्यात लपलेले सूक्ष्म जीव त्यांच्या पोटात आपोआप जातात. ट्रोफियसचं आतडं त्याच्या शरीराच्या कितीतरी पट लांब असतं. अशा आतड्यातून अन्न सावकाश सरकतं. त्याला दिवसभर थोडं थोडं, चोथा असलेलं खाद्य लागतं. या माशांना रोज ब्लडवर्म किंवा मांसाचे तुकडे घातले तर पोट फुगतं, मासा खाणं सोडतो, पांढरी धाग्यासारखी विष्ठा टाकतो आणि बहुतेक वेळा वाचत नाही. शौकीन मंडळी या आजाराला ‘मलावी ब्लोट’ म्हणतात. त्यात आतड्यातल्या परजीवींचा आणि ताणाचाही हात असतो, पण आपल्या हातात असलेलं पहिलं कारण खाद्यच आहे.

दुसरा गट मिश्राहारी. एंजल, कॉन्व्हिक्ट, क्रिबेन्सिस, येलो लॅब आणि बऱ्याच अंशी फ्लॉवरहॉर्नही. यांना प्राणिज प्रथिनं लागतात, पण सोबत हिरवंही हवं. येलो लॅब एम्बुनांमध्ये मोडत असला तरी तो निसर्गात बारीक कीटक-अळ्या वेचतो, त्यामुळे त्याला थोडी जास्त प्रथिनं पचतात.

तिसरा गट मांसाहारी. ऑस्कर आणि फ्रोंटोसा हे त्यातले ओळखीचे. यांचं आतडं आखूड असतं आणि त्यांना झिंगे, मासळी, कीटक असा आहार लागतो. ऑस्करला जिवंत गप्पी किंवा गोल्डफिश घालण्याची आपल्याकडे हौस आहे. ती सोडून द्या. विकतच्या स्वस्त माशांबरोबर रोग घरात येतात. शिवाय गोल्डफिशच्या मांसात थायामिनेज नावाचं विकर असतं. ते जीवनसत्त्व ब-१ नष्ट करतं, त्यामुळे सतत तेच खाणारा मासा हळूहळू अशक्त होतो.

एका टाकीत दोन गट एकत्र असतील तर खाद्य शेवाळ खाणाऱ्याच्या हिशोबाने ठरवा. येलो लॅबला स्पिरुलिना शेवाळाची दाणी चालतात, पण झेब्राला ऑस्करचं खाद्य मानवत नाही.

जोडी तयार करताना

अंड्यातला बलक आईच्या खाण्यातून तयार होतो. पिल्लू पोहायला लागेपर्यंत त्याच बलकावर जगतं. त्यामुळे अंडी घालण्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे आईने काय खाल्लं, यावर पिल्लं किती सशक्त निघणार हे ठरतं. झिंग्यांतला ॲस्टाझँथिन हा लालसर रंगद्रव्याचा अंश आणि मासळीतले ओमेगा-३ प्रकारचे मेद बलकात उतरतात. नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवलेली मादीही अंडी देते, पण त्यातली पांढरी पडून बुरशी धरणारी अंडी जास्त असतात.

या काळात मिश्राहारी जोडीला दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं द्या. सकाळी ४० ते ४५ टक्के प्रथिनांची दाणी, दुपारी उकळत्या पाण्यातून काढलेल्या झिंग्यांचा बारीक कीस आणि संध्याकाळी जिवंत मोइना किंवा आर्टेमिया (हे पाण्यातले बारीक जीव, ते घरी वाढवायची रीत पुढे आहे). एम्बुनांना दाणी स्पिरुलिनाची द्या आणि प्राणिज खाद्य आठवड्यातून दोनदा, तेही मोइनासारखं टरफल असलेलं. स्पिरुलिनात कोरड्या वजनाच्या ५५ ते ७० टक्के प्रथिनं असतात, त्यामुळे शेवाळ खाणाऱ्या मादीला ‘ताकदीसाठी’ मांस घालण्याची गरज पडत नाही.

जाडी म्हणजे तयारी असं समजू नका. चरबी साठलेली मादी कमी अंडी देते. वरून पाहिल्यावर पोट भरलेलं पण पाठ-कमर रेखीव दिसली पाहिजे. आठवड्यातून एक दिवस प्रौढ माशांचा उपास ठेवा. ज्यांच्याकडून पिल्लं हवी आहेत त्यांना ‘झटपट रंग’ देणारं बेनावाचं खाद्य तर अजिबात घालू नका. रंग चढवण्यासाठी संप्रेरकं वापरण्याचा प्रकार या धंद्यात आहे आणि त्याने मासे वांझ होतात.

तोंडात पिल्लं असलेली आई

एम्बुना मादी अंडी तोंडात घेते आणि सुमारे तीन आठवडे पिल्लांना तोंडातच वाढवते. तिचा गळा फुगलेला दिसतो, जबडा मधूनच चघळल्यासारखा हलतो आणि खाद्य टाकलं तरी ती मागे सरते. हा उपास स्वाभाविक आहे. तिला खायला लावायचा प्रयत्न करू नका, दचकून ती अंडी गिळून टाकते. ट्रोफियसची गोष्ट वेगळी. त्याची आई या काळातही खाते आणि तोंडातली पिल्लं त्यातलंच खातात. म्हणून ट्रोफियसच्या मादीसमोर बारीक चुरलेलं स्पिरुलिना खाद्य रोज ठेवा.

पिल्लं सोडल्यावर झेब्राची मादी हडकुळी झालेली असते. तिला लगेच मोठ्या टाकीत टाकलं तर नर तिचा पिच्छा पुरवतो. आठवडाभर वेगळ्या टाकीत ठेवून दिवसातून तीन वेळा हलकं खाद्य द्या. अंग भरलं की मगच परत सोडा.

डिस्कसची पिल्लं तोंडात वाढत नाहीत, त्यांचं पहिलं अन्न आईबापांच्या अंगावरचा चिकट थर असतो. सुरुवातीचे दोन आठवडे ती आलटून-पालटून दोघांच्या अंगाला चिकटून तो थर टोचतात. काळुंदराचा धाकटा भाऊबंद, नारिंगी क्रोमाइड, याची पिल्लंही असंच करतात. अशा जातींत पिल्लांना आईबापांपासून लवकर तोडू नका आणि त्या दिवसांत आईबापांनाच पोटभर, चांगलं खाऊ घाला. पिल्लांचं जेवण तिथूनच येतं.

पहिला आठवडा: आर्टेमिया

सिक्लिडची पिल्लं इतर बऱ्याच माशांच्या पिल्लांपेक्षा मोठी असतात. एंजल आणि कॉन्व्हिक्टची पिल्लं पोहायला लागल्या दिवसापासून ताज्या फुटलेल्या आर्टेमियाची अर्भकं खाऊ शकतात. ही अर्भकं जेमतेम अर्धा मिलिमीटरची असतात. एम्बुनाची पिल्लं तर आईच्या तोंडातून बाहेर पडतानाच सेंटिमीटरभर असतात. त्यामुळे पानं कुजवून सूक्ष्मजीव वाढवण्याचा खटाटोप बहुतेक सिक्लिडसाठी लागत नाही. लागतात ती आर्टेमियाची अंडी, आणि ती डब्यात महिनोन्‌महिने टिकतात. आपल्यासारख्या गावात याहून सोयीचं पहिलं खाद्य नाही.

उबवायची पद्धत अशी. सरबताची एक लिटरपेक्षा मोठी रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्या, बूड कापून ती उलटी टांगा. त्यात क्लोरीन उडालेलं एक लिटर पाणी, वजनकाट्यावर मोजलेलं २५ ग्रॅम खडेमीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. एक ते दोन ग्रॅम अंडी टाका. एअर पंपाची नळी थेट बुचाच्या टोकापर्यंत सोडा, म्हणजे एकही अंडं तळाशी बसून राहणार नाही. वर दिवा ठेवा. पाणी २६ ते २८ अंशांवर असेल तर २४ तासांत, थोडं थंड असेल तर ३६ तासांत पाण्यात नारिंगी धुरळा दिसायला लागतो.

आता हवा बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात आणि जिवंत अर्भकं उजेडाकडे गोळा होतात. बाटलीच्या खालच्या बाजूला टॉर्च धरा, बारीक नळीने तो नारिंगी पट्टा ओढून घ्या, घट्ट विणीच्या कापडातून गाळा आणि गोड्या पाण्याने धुऊन पिल्लांना द्या. टरफलं पिल्लांच्या पोटात गेली तर आतडं तुंबतं, म्हणून हे वेगळं करणं टाळू नका.

फुटल्यानंतरचे पहिले सहा-आठ तास अर्भकाच्या अंगात सगळ्यात जास्त पोषण असतं. पुढे ते स्वतःचाच साठा खर्च करतं. तुम्ही नोकरीला जात असाल तर बाटली संध्याकाळी अशा वेळी लावा, की दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी असताना ती फुटेल. उरलेली अर्भकं मिठाच्या पाण्यासकट फ्रिजमध्ये ठेवली तर एक दिवस चांगली राहतात. अंड्यांचा डबा मात्र कायम हवाबंद, कोरडा आणि फ्रिजमध्येच ठेवा.

खाऊ घातल्यावर दहा मिनिटांनी पिल्लांकडे भिंगातून बघा. पारदर्शक अंगात पोटाच्या जागी गोल नारिंगी ठिपका दिसला तर पिल्लू जेवलं. ज्यांच्या पोटात ठिपका नाही ती पिल्लं एका कोपऱ्यात आहेत का, प्रवाहात अडकली आहेत का, हे बघा आणि नळीने खाद्य त्यांच्या तोंडासमोर सोडा. दिवसातून चार ते सहा वेळा हे करावं लागतं. नियमितपणे पहिले दहा दिवस जो हे करतो, त्याची पिल्लं वाचतात.

मोइना आणि मायक्रोवर्म

आर्टेमिया महाग पडतो. त्याला घरची जोड म्हणजे मोइना. डॅफ्निया आणि मोइना दोन्ही पाण्यातले पिसवांसारखे दिसणारे जीव, पण डॅफ्नियाच्या बऱ्याच जातींना थंड पाणी लागतं. मोइना २४ ते ३१ अंशांत जोमाने वाढतो, म्हणून विदर्भात मोइनाच लावा. ५० लिटरचा टब सावलीत ठेवा, जुन्या टाकीतलं पाणी भरा, एखाद्या शौकिनाकडून आणलेलं मोइनाचं विरजण सोडा आणि ग्रॅमभर यीस्ट कोमट पाण्यात कालवून घाला. पाणी किंचित धुरकट दिसावं आणि दुसऱ्या दिवशी निवळावं. निवळलं नाही तर यीस्ट जास्त झालं, दोन दिवस काही घालू नका. रोज पाव भागापेक्षा जास्त मोइना काढू नका. दोन टब ठेवा, एक बसला तर दुसरा असतो. गावतळ्यातून मोइना पकडून आणण्याचा मोह टाळा. सोबत चतुराच्या अळ्या आणि हायड्रा येतात आणि ते पिल्लं खातात.

मायक्रोवर्म हे हिवाळ्याचं खाद्य. डब्यात ओट्सचा किंवा कणकेचा घट्ट लगदा, त्यावर चिमूटभर यीस्ट आणि थोडं विरजण. चार-सात दिवसांत बारीक किडे डब्याच्या भिंतीवर चढतात, ते बोटाने पुसून टाकीत झटकायचे. उन्हाळ्यात हा डबा लवकर आंबून मरतो. दर तीन-चार आठवड्यांनी नवा डबा लावावा लागतो. एकट्या मायक्रोवर्मवर पिल्लं नीट वाढत नाहीत, आर्टेमियाच्या दोन वेळांमधलं खाणं म्हणून वापरा.

उकडलेल्या अंड्याचा बलक आपल्याकडे सर्रास सांगितला जातो. दुसरं काहीच नसेल तर एखादा दिवस, फडक्यातून गाळून, टाचणीच्या डोक्याएवढा. त्याने पाणी फार लवकर नासतं.

डासांच्या अळ्या सिक्लिडना मनापासून आवडतात. पण वस्तीत उघड्यावर पाणी साठवून अळ्या वाढवणं म्हणजे डेंग्यूला घरी बोलावणं. आपल्या हौसेसाठी शेजाऱ्यांच्या मुलांचा जीव धोक्यात घालू नये. त्यांच्या जागी मोइना पुरतो.

वाढीचे तीन महिने

दुसऱ्या आठवड्यापासून आर्टेमियासोबत बारीक चुरलेली दाणी सुरू करा. पिल्लांना ४५ ते ५० टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं. तीन महिन्यांनंतर मिश्राहारी माशांना ३५ ते ४०, शेवाळ खाणाऱ्यांना त्याहून कमी चालतं. महिनाभर चार-सहा वेळा, पुढे तीन-चार वेळा आणि प्रौढांना एक-दोन वेळा द्या. दरवेळी दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. दाणीचा आकार माशाच्या डोळ्यापेक्षा मोठा नसावा.

खाद्य वाढलं की पाणी बदलणं वाढलंच पाहिजे. प्रथिनांतला नायट्रोजन शेवटी अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. आपला भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा, बोअरचं पाणी जड आणि क्षारयुक्त. मलावीच्या माशांना ते मानवतं, पण त्याच पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच वाटा पाच टक्क्यांच्या पुढे जातो आणि पाणी ३० अंशांवर गेलं की साडेसात टक्क्यांच्या आसपास. म्हणून पिल्लांच्या टाकीत दर दोन दिवसांनी पाव टाकी पाणी बदला. तळाशी साठलेलं उरलंसुरलं खाद्य रोज नळीने ओढून काढा. पोटभर खाऊन घाणीत राहिलेल्या पिल्लांपेक्षा थोडं कमी खाऊन स्वच्छ पाण्यात राहिलेली पिल्लं चांगली वाढतात.

घरी बनवायचं खाद्य

परदेशी पुस्तकांत डिस्कस-ऑस्करसाठी बीफहार्टची कृती हमखास असते. तिची गरज नाही. गरम रक्ताच्या प्राण्यांची चरबी माशांना नीट पचत नाही. बाजारातले झिंगे आणि भाजी यांतून उत्तम खाद्य होतं.

मिश्राहारी माशांसाठी: सोललेले ताजे झिंगे २५० ग्रॅम, काटे काढलेली मासळी १५० ग्रॅम, पालक १०० ग्रॅम, साल काढलेले मटार १०० ग्रॅम, लसणाची एक पाकळी, स्पिरुलिना पूड दोन चमचे, जिलेटिन ३० ग्रॅम. झिंगे आणि मासळी दोन मिनिटं उकळत्या पाण्यात काढा. कच्च्या मासळीत आणि झिंग्यांत थायामिनेज असू शकतं, ते या उष्णतेने निकामी होतं. पालक-मटारही तसेच उकळत्या पाण्यातून काढा. सगळं मिक्सरमधून वाटून घ्या. जिलेटिन वाटीभर गरम पाण्यात विरघळवून मिसळा. मिश्रण कोमट झालं की जीवनसत्त्व क ची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी कुटून घाला, आधी घातली तर उष्णतेने तिचा गुण जातो.

एम्बुनांसाठी प्रमाण उलटं करा: पालक आणि मटार मिळून ३५० ग्रॅम, झिंगे १५० ग्रॅम, मासळी नाही, स्पिरुलिना चार चमचे. जिलेटिन नको असेल तर चायना ग्रास वापरा. ते पाण्यात उकळावं लागतं आणि थंड होताना पटकन गोठतं, म्हणून हात झपाझप चालवा.

मिश्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्धा सेंटिमीटर जाडीचं पसरून फ्रीजरमध्ये ठेवा. चॉकलेटच्या वडीसारखे तुकडे मोडता येतात. छोट्या छोट्या पिशव्या करा. दिवसभर लाइट गेली आणि मिश्रण वितळलं तर पुन्हा गोठवू नका, फेकून द्या. दोन महिन्यांत संपेल एवढंच बनवा.

आठवडी बाजारातले वाळलेले झिंगे स्वस्त असतात, पण त्यात मीठ असतं आणि जुने असले तर मेद खवट झालेला असतो. वास घेऊन घ्या, तासभर भिजवून दोन पाण्यांनी धुवा आणि जोडखाद्य म्हणूनच वापरा.

आपल्या शिवारातलं काय टाळायचं

आपला भाग कापसाचा आणि सोयाबीनचा. सरकी ढेप, सोयाबीन, शेंगदाणा ढेप सहज मिळतात आणि प्रथिनं भरपूर असल्याने ती माशांना घालण्याचा विचार मनात येतो.

सरकीत गॉसिपॉल नावाचा पदार्थ असतो. तो माशांची वाढ खुंटवतो आणि प्रजननक्षमतेवर परिणाम करतो. ज्या टाकीतून पिल्लं हवी आहेत तिथे सरकी ढेप नकोच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन रोखणारे घटक असतात. चांगलं शिजवलेलं सोयाबीन थोड्या प्रमाणात चालतं, पण सिक्लिडच्या मुख्य खाद्यात त्याला जागा नाही. शेंगदाणा ढेपेला पावसाळ्यात बुरशी धरते आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृत निकामी करतं. डोळ्यांना बुरशी दिसली नाही तरी ते असू शकतं.

सगळ्यात मोठा धोका फवारणीचा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. ती जखम आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. माणसाला जे मारू शकतं त्याचा कणही माशाला पुरू शकतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं तर मासे आणि पाण्यातल्या बारीक जीवांसाठी अतिशय घातक आहेत. म्हणून कपाशीच्या वावरातली गांडुळं, बांधावरचे नाकतोडे, फवारलेल्या मळ्यातला पालक टाकीत जाऊ देऊ नका. गांडुळं हवी असतील तर परसातली, जिथे काहीच फवारलं नाही तिथली घ्या, ओल्या गोणपाटात एक दिवस ठेवून पोट रिकामं होऊ द्या, धुवा आणि बारीक कापून ऑस्कर-एंजलना द्या. गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं बरेच मासे तोंडात घेऊन थुंकतात, त्यांच्या अंगातून कडवट द्रव सुटतो.

भाजीबद्दल शंका असेल तर मोइनाची मदत घ्या. वाडग्यात टबातलं पाणी, त्यात चिरलेला पालक आणि दहा-वीस मोइना चोवीस तास ठेवा. कीटकनाशकांच्या विषारीपणाची चाचणी करताना प्रयोगशाळांमध्येही डॅफ्नियाच वापरतात. मोइना मेले तर ती भाजी टाकीजवळ नेऊ नका. जगले तरीही भाजी धुऊन, उकळत्या पाण्यातून काढूनच वापरा.

नालीतून काढलेलं जिवंत ट्युबिफेक्स कोणी स्वस्तात देत असेल तर नाही म्हणा. त्याच्याबरोबर सांडपाण्यातले जंतू येतात आणि एका रात्रीत पिल्लांची टाकी साफ होऊ शकते.

पाकीट घेताना

उत्पादनाची तारीख आधी बघा, किंमत नंतर. घटकांच्या यादीत पहिल्या दोन-तीन नावांत मासळी, झिंगे किंवा एम्बुनांसाठी स्पिरुलिना असावी. गव्हाचं पीठ पहिलं असेल तर ठेवून द्या. जीवनसत्त्व क माशांना बाहेरूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर पिल्लांचा कणा वाकडा होतो आणि कल्ल्यांची झाकणं आखूड राहतात. खाद्यातलं हे जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने झपाट्याने घटतं, म्हणून मोठ्या पोत्यातून सुटी मोजून दिलेली, तारीख नसलेली दाणी पिल्लांसाठी घेऊ नका. लहान पाकीट घ्या, त्याचे दोन भाग करा, एक हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये, एक वापरात. दीड-दोन महिन्यांत संपवा. खवट वास आला की फेका.

ऋतूप्रमाणे हात आवरा

मे महिन्यात टाकीतलं पाणी ३२ अंशांवर जातं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना सव्वासात. अन्न पचवायला माशाला जास्त प्राणवायू लागतो, म्हणून भर उन्हात खाऊ घालू नका. पहाटे आणि दिवेलागणीनंतर द्या, प्रमाण एक तृतीयांशाने कमी करा. लाइट जाणार हे माहीत असेल तर त्याआधीचं खाणं चुकवा. एअर पंप बंद आणि पोट भरलेलं, हे दोन्ही एकाच वेळी पिल्लांना सोसत नाही. आर्टेमियाची बाटली कूलरच्या खोलीत ठेवा.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर नसेल तर पाणी २० अंशांच्या खाली घसरतं आणि पचन मंदावतं. हीटर लावा, किंवा ऊन आल्यावर एकदाच हलकं खाद्य द्या. आर्टेमियाची बाटली हीटरच्या टाकीतच अर्धी बुडवून टांगली की वेगळी ऊब लागत नाही.

दारव्ह्यात नव्याने सुरुवात करायला पावसाळा ओसरतानाचे दिवस सगळ्यात सोयीचे. सप्टेंबरच्या शेवटी मोइनाचे दोन टब लावा आणि आर्टेमियाची एक बाटली उबवून बघा. दोन्ही जमलं की ऑक्टोबरात जोडीची तयारी सुरू करा. पहिल्यांदा एंजल किंवा येलो लॅब घ्या, डिस्कस आणि ट्रोफियस नंतर. ज्यांना यातून उत्पन्न मिळवायचं आहे त्यांनी यवतमाळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यसंगोपनासाठी ३ लाख रुपयांचा प्रकल्पखर्च धरला होता. सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदानाची तरतूद होती. शास्त्रीय सल्ला हवा असेल तर महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय नागपुरातच आहे.

एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. अंडी कधी घातली, किती फुटली, त्या आठवड्यात आईला काय घातलं होतं, महिन्याने किती पिल्लं उरली. दोन-तीन विणी झाल्या की तुमच्या पाण्यात, तुमच्या घरात, तुमच्या माशांना कोणतं खाद्य लाभतं हे त्या वहीतून स्पष्ट दिसेल, आणि गावातल्या पुढच्या शौकिनाला तुम्ही मोइनाच्या विरजणासोबत तो अनुभवही देऊ शकाल.